एका दाण्याचे चार महिने

(रंगमंचावर एक खुर्ची. पदर खोचलेली आई, हातात जाडजूड कादंबरी.)

आम्ही जुहूला राहतो. लगेच विचारू नका, शेजारी कोण! आमच्या खिडकीतून बंगले नाही, बंगल्याबाहेरची गर्दी दिसते.

तर एवढ्या नटांच्या वस्तीत माझी लेक भाळली कुणावर? हेडीसवर. ग्रीकांचा यम!

(पुस्तक उघडत) 'अ टच ऑफ डार्कनेस', 2019 सालची. यात यमाचा नाइटक्लब आहे. नायिका पर्सिफनी, पत्रकारिता शिकतेय. यम श्रीमंत, देखणा, सुटाबुटातला. रेड्यावरून आला असता, तर पहिल्या पानावरच प्रेम आटोपलं असतं!

म्हटलं, मूळ गोष्ट तरी बघू. अडीच हजार वर्षांहून जुनं स्तोत्र. पोर फुलं खुडतेय, जमीन दुभंगते, हा रथातून येतो नि तिला उचलून नेतो. आणि हा कोण? तिच्या बापाचा, झ्यूसचा, भाऊ. म्हणजे काका. आई डिमीटर त्या दोघांची सख्खी बहीण. म्हणजे मामासुद्धा! आता डोळ्यांपुढे आणा. अंतरपाट धरलाय, भटजी ओरडतायत, "मामा, मुलीला आणा!" पाटावरून नवरदेव म्हणतो, "आलोच!"

लेक म्हणते, "आई, आपल्याकडे रुक्मिणीहरण, सुभद्राहरण नाही का?" आहे ना! पण रुक्मिणीनं आधी निरोप धाडला होता. आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' 1882 पासून काय दाखवतंय? सुभद्रेलाच अर्जुन हवा होता. या पर्सिफनीला कुणी विचारलं? बापानं परस्पर होकार दिला आणि आईला पत्ता नाही!

आणि कादंबरीत खाष्ट कोण? आईच. म्हणे, लेकीला काचघरात वाढवलं. अगं, मूळ डिमीटर बघ! लेक गेली म्हटल्यावर पृथ्वीवर दाणा उगवू दिला नाही. माणसं उपाशी, देवांचे नैवेद्य बंद. झ्यूस एकेक देव पाठवतोय, समजूत घाला म्हणून. मीही एकदा रागानं स्वयंपाक बंद केला. लेकीनं बसल्या जागी पिझ्झा मागवला.

शेवटी पोर सुटली. पण निघताना त्यानं डाळिंबाचा एक दाणा भरवला. पाताळातलं खाल्लं, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिकडे. म्हणजे चार महिने. चातुर्मास! बाकीचे आठ महिने माहेर...

(थबकते) आठ? मंगळागौरीला दोन दिवस माहेरी जाते म्हटलं, तर आमच्याकडे घरभर सुतक! बायांनो, हे स्थळ कुठल्या वधू-वर मंडळात होतं?

(फोन वाजतो) "हं, बोल. कोण मुलगा?... आज? जेवायला?... आण की!"

(फोन ठेवते. प्रेक्षकांकडे बघत, हळूच) एका दाण्याला चार महिने. आज उकडीचे मोदक केलेत. एकवीस. (बोटं मोजते) एकवीस चोक चौऱ्यांऐंशी... सात वर्षं!

(आत जाता जाता) त्याच्या आईला म्हणावं, आता तू पिकं बंद कर!

(अंधार)