कानसेन आणि गाडीवान

कानसेनाच्या घरी गेलात तर तो ‘बसा’ म्हणत नाही. कुठे बसायचं ते सांगतो. दिवाणखान्यात सोफा असतो, दोन खुर्च्या असतात, खिडकीशी झोपाळाही असतो. पण गाणं ऐकू येतं ते एकाच खुर्चीत. दोन स्पीकर आणि ही खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा, म्हणून त्यानं टेप लावून फरशीवर खुणा करून ठेवलेल्या असतात. इतर जागी बसलेल्यांना जे ऐकू येतं त्याला तो नुसता ‘आवाज’ म्हणतो. घरच्या मंडळींनी या त्रिकोणाबाहेर, म्हणजे स्वयंपाकघरात आणि आतल्या खोलीत, आपापले संसार थाटलेले असतात.

“बसलास? आता डोळे मीट.”

किराणा घराण्याचा कुठलासा जुना ख्याल सुरू होतो. आपण जरा सुरात जाऊ लागतो तोच खांद्यावर थाप पडते. “ऐकलंस? तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकलं.” पुन्हा पाच मिनिटांनी: “तबलजीनं हातोडी खाली ठेवली. सतरंजीवर ठेवली, पेटीवर नाही. कळतंय ना?” त्याला खोकल्याची बाजू कळते, हातोडीची जागा कळते. राग मात्र विचारू नये. राग विचारला की तो साउंडस्टेजची, म्हणजे कानापुढे उभ्या राहणाऱ्या रंगमंचाची, रुंदी सांगतो.

हा सगळा चमत्कार केबलचा. स्पीकर, ॲम्प्लिफायर वगैरे गोष्टी कोणीही घेतो. खरा माणूस कळतो तो केबलवरून. कानसेनाच्या केबली लाकडी पेटीत, मखमलीवर निजून येतात. सोबत प्रमाणपत्र असतं. आमच्या मंडळींपैकी काहींच्या लग्नात एवढी बडदास्त नवरदेवाचीही नव्हती. केबल आल्या आल्या वाजवायची नाही. ती आधी लोणच्यासारखी मुरावी लागते. शंभर-दोनशे तास सलग गाणी सोडायची, मग तिच्यात खरी चव येते. जमिनीला टेकू द्यायची नाही. तिच्याखाली छोट्या लाकडी घोड्या ठेवायच्या. आणि नवी केबल लागली की तो एकच वाक्य म्हणतो: “पडदा उठला रे!” गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे पडदे उठताहेत. नाटक अजून सुरू व्हायचंय.

केबलवर बाण असतो. ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे. स्पीकरला जाणारा प्रवाह एका सेकंदात शेकडो, हजारो वेळा दिशा बदलतो. बाण मात्र आपल्या मतावर ठाम. एकदा दिवाळीच्या साफसफाईत कामाच्या मावशींनी सगळ्या केबली काढल्या, पुसल्या आणि उलट्या लावल्या. दत्तजयंतीपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, आणि त्या काळात कानसेनानं आवाजाची तारीफ करून करून तिघांना जेवायला थांबवलं होतं. चूक ध्यानात आली तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, “तरीच. खर्जात एक वेगळाच मोकळेपणा आला होता.”

कानसेन व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट आहे, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. अशिलाच्या चहापाण्याच्या पाचशे रुपयांच्या खर्चावर तो लाल शाईनं ‘व्हाउचर?’ असं लिहितो. केबलवर घातलेल्या लाखाला व्हाउचर त्याचा उजवा कान. डावाही कान आहे, पण तिथे थोडं कमी येतं. डॉक्टरांकडे जायला त्याला वेळ झालेला नाही.

हे व्हाउचर मागायचं काम गाडीवान करतो.

गाडीवान हा कानसेनाचा शाळेपासूनचा दोस्त. शिक्षणानं विजेचा इंजिनिअर, पिंडानं ड्रायव्हर. कागद-पेन नसेल तर टिश्यू पेपरवर तो हिशेब मांडतो. “हे बघ. तपकीर गल्लीत मिळते ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. स्पीकर तीन मीटरवर. जाऊन-येऊन सहा मीटर. रोध भरतो ओहमचा पंचविसावा हिस्सा. तुझा स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे अर्धा टक्का! आवाज पडला किती? डेसिबलचा विसावा भाग. माणसाच्या कानाला गाण्यात एका डेसिबलचा फरक कळता कळता पुरेवाट होते.”

“तू आकडे ऐकतोस, मी गाणं ऐकतो.”

“तू खोकला ऐकतोस! आणि ही पॉवर केबल चांदीची कशाला? चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्केच बरी. तांब्याची वायर तेवढी जाड घेतली की झालं. अरे, पोफळीला निघालेली कोयनेची वीज ॲल्युमिनियमच्या तारांवरून डोंगर ओलांडते, सबस्टेशनं पालथी घालते, आपल्या कोपऱ्यावरच्या डीपीतून तुझ्या मीटरात शिरते. तोवर तिला काही होत नाही. आणि शेवटच्या दीड मीटरला चांदी?”

“घरात येताना माणूस पाय धुऊन येतो ना? तसंच.”

या उत्तरावर इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात तोड नाही. उलट कानसेनाला धीर आला आणि त्यानं जपानचा दाखला काढला. तिथल्या काही शौकिनांनी शुद्ध वीज मिळावी म्हणून घराच्या आवारात स्वतःचा स्वतंत्र विजेचा खांब उभा करून घेतलाय, याची बातमी २०१६ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आली होती. ही गोष्ट खरी आहे, आणि ती कानसेनाला कळली हे त्याच्या सोसायटीचं दुर्दैव. सर्वसाधारण सभेत त्यानं ‘आयत्या वेळच्या विषयां’त स्वतंत्र डीपीचा ठराव मांडला. अध्यक्षांनी विचारलं, “लिफ्ट आधी दुरुस्त करूया का?” ठराव अनुमोदकाअभावी बारगळला.

गाडीवानाचा भाता मोठा आहे. २००८ साली डेनॉन या जपानी कंपनीनं दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला काढली होती आणि तिच्यावरही बाण होते, हे तो दर महिन्याला एकदा सांगतो. “अरे, तिच्यातून जातात शून्य आणि एक. शून्य पोचलं तर पोचलं, नाही तर नाही. शून्याला काय मखमली करणार?” त्याच्या आधीच्या वर्षी, २००७ मध्ये, जेम्स रँडी या अमेरिकी जादूगारानं आव्हान दिलं होतं: बारा फुटांची ७,२५० डॉलरची केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक न पाहता, नुसता ऐकून ओळखा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. केबलवाल्या कंपनीनं अंग काढून घेतलं, पत्रापत्री भरपूर झाली, चाचणी झालीच नाही. “दहा लाख डॉलर!” गाडीवान टेबलावर हात आपटतो. “तेवढ्यात सबंध पेठेला केबल झाली असती.”

“पैशासाठी ऐकणारे आम्ही नव्हे,” कानसेन म्हणतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला गाडीवान शहाणा वाटला असेल. मग त्याच्या गाडीत बसा.

गाडी पोलो. ‘आपल्या चाकणची’ असं तो अभिमानानं सांगतो, जणू ती शेतातून निघाली. कंपनीनं तिला १०५ हॉर्सपॉवर दिली होती. गाडीवानानं ‘स्टेज वन’ रीमॅप करून ती वाढवली. वाढली किती, हे कोण ऐकतंय त्यावर ठरतं. सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, स्प्रिंगा खाली आणल्या. आता सोसायटीच्या प्रत्येक स्पीड ब्रेकरवरून तो तिरकी गाडी घालतो, बुद्धिबळातल्या उंटाला लाज वाटावी अशी. त्याचं जगणं ‘शून्य ते शंभर’ या एककात चालतं. कर्वे रस्त्यावर शून्य ते बारा जमतं. तेही सिग्नल लागायच्या आत.

म्हणून रविवारी पहाटे पाचला मंडळी लोणावळ्याला ‘रन’ला निघतात. तिथे वडापाव खायचा आणि परत यायचं. द्रुतगती मार्गावर मोटारींना वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर. हे घरच्या मारुतीलाही सहज जमतं, असं कानसेन हळूच सुचवतो. गाडीवानाकडे त्यावर कॅमेऱ्यानं काढलेलं चलान आहे: गाडीचा फोटो, नंबर आणि ‘११८’. दंड भरून झाला तरी त्यानं ते मोबाइलमध्ये जपून ठेवलंय. “सरकारनं मोजलेलं आहे! तुझ्या साउंडस्टेजचं दाखव असं एखादं चलान.”

कानसेनही लेचापेचा नाही. गाडीवानाचं दैवत बुगाटी व्हेरॉन. २००५ साली तिनं ताशी ४०७ किलोमीटर गाठले. त्या वेगानं तिची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. कानसेनानं चार्टर्ड अकाउंटंटाच्या सवयीनं गुणाकार केला. “बारा मिनिटांत ८१ किलोमीटर. आपला द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव. म्हणजे पनवेलच्या अलीकडे तुझं दैवत ढकलत न्यायचं. टोल भरून.”

या दोघांचं भांडण ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात येते. गाडीवानाकडे पुरावा आहे, पण तो वापरायला रस्ता नाही. कानसेन आपली केबल रोज रात्री वापरतो, पण पुरावा नाही. दोघांचा खर्च जवळपास सारखा. आणि दुसऱ्याच्या वेडाला लावायला दोघांकडेही विज्ञान तयार असतं. स्वतःच्या वेडाला मात्र ‘अनुभव’ पुरतो. इंजिनिअर गाडीवान टायरमध्ये पैसे मोजून नायट्रोजन भरून घेतो. फुकटच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, हे त्यालाच शाळेत पाठ होतं. चार-दोन महिन्यांतून एकदा तो १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकतो. कॉम्प्रेशन आणि ट्यूनिंग तसं नसेल तर इंजिनाला त्याचा उपयोग नाही, हे तो इतरांना समजावतो. “पण आपली गाडी खूश होते रे. स्टिअरिंगवर कळतं.”

“कान!” कानसेन ओरडतो. “तुझा हात म्हणजे माझा कान!”

भांडणाला अंतराळही पुरलं नाही. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर जगातल्या निवडक संगीताची तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरीची ही मानी गायिका. रेकॉर्डिंगच्या बाबतीत फार चोखंदळ. विषय निघाला तो अभिमानानं, आणि मिनिटभर दोघंही खरोखर गप्प होते. मग कानसेनाला राहवलं नाही. “तबकडी कशाची आहे माहितेय? तांब्याची. वर सोन्याचा मुलामा. नासालाही कळतं.”

“आणि केबल कुठली लावलीय? बिनकेबलची गेलीय ती अडीच हजार कोटी किलोमीटर. तेही सेकंदाला १७ किलोमीटरनं!”

“तिथे स्पीड ब्रेकर नाहीत.”

शेवटी गाडीवानानं अंधचाचणीचा प्रस्ताव आणला. मध्ये चादर टांगायची. कधी लाखाची केबल, कधी तपकीर गल्लीची वायर. आवाजाची पातळी मीटरनं सारखी करायची. वीस फेऱ्या, पंधरा बरोबर आल्या तर वर्षभर टोमणा नाही. कानसेनाच्या हरकती तयार होत्या. परीक्षेच्या ताणानं कान मिटतात. चादरीनं वरचे स्वर शोषले जातात. फरक पटकन कळत नाही, तो महिनाभर सोबत राहून कळतो. आणि सगळ्यात मोठी हरकत: “तू असलास की घरातली ऊर्जाच बदलते.”

मग त्यानं उलटा डाव टाकला. “मी बसतो चादरीसमोर. पण आधी तू. दोन चाकांत साधी हवा, दोनांत नायट्रोजन. लोणावळ्याला जाऊन ये आणि कुठल्या चाकात काय ते सांग.”

गाडीवान चहाच्या कपात पाहत राहिला. “तसं सांगता नाही येत. ते एकूणात कळतं.”

चाचण्या उभयपक्षी संमतीनं पुढे ढकलण्यात आल्या.

पुढच्या शनिवारी आमच्या कट्ट्यावर नवा गडी आला. कॉफीवाला. त्यानं सव्वा लाखाचं एस्प्रेसो मशीन घेतलं होतं आणि दळायचं यंत्र वेगळं. चिकमगळूरच्या एकाच मळ्यातली बी. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, अठ्ठावीस सेकंद, नऊ बार दाब. पाणी वेगळं गाळलेलं. वजनकाटा दशांश ग्रॅम दाखवणारा. “नाकात आधी संत्र्याची साल येते,” तो डोळे मिटून म्हणाला, “आणि मागून किंचित मनुका.”

गाडीवानानं कानसेनाकडे पाहिलं. कानसेनानं गाडीवानाकडे पाहिलं. शाळा सुटल्यापासून त्या दोघांचं एकमत होताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

“दशांश ग्रॅमनं काय होतं रे?” गाडीवानानं टिश्यू पेपर ओढला. “अर्ध्या टक्क्याला जरासं वर, बस्स. वाऱ्यानं याहून जास्त पूड उडते.”

“आणि संत्र्याची साल म्हणे!” कानसेनानं खिशातून लाल पेन काढलं. “उद्या सकाळी तुझ्याकडे येतो. एक कप तुझा, एक कोपऱ्यावरच्या अण्णाच्या फिल्टरचा. मध्ये चादर टांगतो. वीस फेऱ्या. ओळखून दाखव!”