यलोस्टोनचं प्लंबिंग

आरव्ही भाड्यानं घेतली की तिच्या भिंतीवर एक छोटी पट्टी दिसते. बटण दाबलं की तिच्यावर दिवे लागतात. चांगल्या पाण्याची टाकी किती भरली, बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची किती भरली, आणि जिच्याबद्दल जेवताना बोलू नये ती तिसरी किती भरली, ते हे दिवे सांगतात. आमच्या जावयानं ही पट्टी सगळ्यात शेवटी दाखवली. आधी त्यानं ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग दाखवला (तो नातवंडांचा), जेवणाचं टेबल खाली पाडून होणारा पलंग दाखवला (तो आमचा), मग फ्रिज, शेगडी, मायक्रोवेव्ह. मी 'छान, छान' म्हणत होतो. पट्टी पाहिल्यावर मात्र चष्मा पुसून जवळ गेलो. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं बिनपगारी सेक्रेटरी होतो. टाकी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लेकीला आम्हाला यलोस्टोन दाखवायचं होतं. 1 मार्च 1872 रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि हा मुलूख जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. बहुतेक भाग वायोमिंगमध्ये, कडेकडेनं मोंटाना आणि आयडाहोत. क्षेत्रफळ जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आजचे दोन ठाणे जिल्हे आत बसून वर जागा उरेल. एवढ्या मोकळ्या जागेत आम्ही सहा माणसं एका खोलीत राहत होतो. एकानं उठायचं तर दोघांनी पाय वर घ्यायचे. हिला त्याचं काहीच वाटलं नाही. लग्न होऊन ती लालबागच्या एका खोलीत आली होती, आणि तिथं आम्ही सहापेक्षा जास्तच होतो. जावई बंगल्यात वाढलेला. तोच दिवसातून चारदा कपाटाला डोकं आपटून घ्यायचा.

घोडागाड्यांच्या काळात हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांना इथं 'ड्यूड' म्हणत आणि स्वतःचा तंबू-शिधा घेऊन येणाऱ्यांना 'सेजब्रशर'. 1915 च्या ऑगस्टमध्ये मोटारींना परवानगी मिळाली आणि सेजब्रशर वाढत गेले. आम्ही त्यांचेच वारस, फक्त आमच्या शिध्यात गोडा मसाला होता.

पहिला मुक्काम मॅडिसनला. तिथल्या कॅम्पग्राउंडवर गाडीला वीज, पाणी, ड्रेनेज यांची जोडणी मिळत नाही. टाकीत आणलंय तेवढंच पाणी, आणि जनरेटरही रात्री आठनंतर बंद. मी फ्रिजवर नोटीस लावली. दात घासताना नळ बंद ठेवावा. भांडी आधी कागदानं पुसून घ्यावीत. अंघोळ म्हणजे अंग ओलं करणे, नळ बंद, साबण, नळ चालू, समाप्त. खाली 'आदेशावरून' लिहून सही. नातवाला मराठी वाचता येत नाही, म्हणून लेकीनं त्याला ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि दोघं पलंगावर लोळून हसले. ही म्हणाली, "अहो, इथं तरी रिटायर व्हा."

त्या रात्री डाळ शिजेना. कुकरच्या शिट्टीनं शेजारच्यांना त्रास होईल म्हणून लेकीनं ती साध्या पातेल्यात लावली होती. इथली उंची सात हजार फुटांच्या आसपास. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 93 अंशांच्या जवळपासच उकळू लागतं. पातेल्यात खळखळाट मोठा आणि तूरडाळ आपली जागच्या जागी. शेवटी हिनं बॅगेतून कुकर काढला. तो ती डोंबिवलीहून घेऊन आली होती आणि विमानतळावर त्याची झडतीही देऊन आली होती. तीन शिट्ट्या झाल्या. पलीकडच्या आरव्हीतलं कुत्रं खिडकीशी येऊन उभं राहिलं आणि मागोमाग त्याची मालकीण. वरण-भात तिलाही गेला.

दुसऱ्या दिवशी ओल्ड फेथफुलपाशी रेंजर बाई समजावून सांगत होत्या. जमिनीखाली तापलेला खडक आहे. फार पूर्वी पडलेल्या पावसाचं आणि बर्फाचं पाणी झिरपत तिथवर जातं. वर यायची वाट अरुंद, आणि वरच्या पाण्याचा भार एवढा, की खालचं पाणी तापत राहतं पण त्याला उकळता येत नाही. मग बुडबुडे वाटेतलं थोडं पाणी बाहेर ढकलतात, भार हलका होतो आणि खालचं पाणी एकदम वाफ होऊन सुटतं. ही माझ्या कानाशी म्हणाली, "कुकर." एका शब्दात भूगर्भशास्त्र संपलं. पुढे बाई म्हणाल्या की या गीझरचं प्लंबिंग एके ठिकाणी जेमतेम चार इंच रुंद आहे. चार इंच! आमच्या ए विंगचा ड्रेनेजचा पाइपही चार इंचीच. दर पावसाळ्यात तो तुंबायचा आणि माणूस बोलवावा लागायचा. इथं तेवढ्याच वाटेतून शंभर-दीडशे फुटांचा फवारा उडतो, साधारण दर दीड तासानं, आणि देखभालीला कुणी नाही. मागचा फवारा किती वेळ टिकला यावरून पुढची वेळ काढतात आणि दहा मिनिटं इकडेतिकडे धरून जाहीर करतात. आमच्या टँकरवाल्यानं कधी अशी वेळ जाहीर केली असती, तर मी अजूनही सेक्रेटरी राहिलो असतो.

असे पाचशेच्या वर जिवंत गीझर या उद्यानात आहेत, जगातल्या एकूण गीझरांपैकी निम्म्याहून जास्त. आणि इतकं गरम पाणी फुकट दिसल्यावर माणसाला काय सुचावं? धुणं. 1882 मध्ये जनरल शेरिडनच्या शिपायांनी ओल्ड फेथफुलमध्ये कपडे टाकून पाहिले. सुती कपडे स्वच्छ होऊन आले, लोकरीच्या चिंध्या झाल्या. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की साबण टाकला तर गीझर अवेळी उडवता येतो. मग हॉटेलांतले साबण गायब होऊ लागले आणि बंदी घालावी लागली. एका कुंडाचं तर नावच हँडकरचीफ पूल होतं. रुमाल टाकला की तो आत ओढला जायचा आणि थोड्या वेळानं धुऊन वर यायचा. लोकांनी हळूहळू त्यात भलतंसलतं कोंबलं आणि कुंड बंद पडलं. मॉर्निंग ग्लोरी हे त्याहून देखणं कुंड, एके काळी निळंभोर. 1950 साली त्याचं पाणी उतरवून त्याला उसळी घ्यायला लावली, तर आतून नाणी, रुमाल, टॉवेल, मोजे, बाटल्या आणि डबे निघाले. कचऱ्यानं वाटा बुजल्या, पाणी जरा निवलं आणि काठचे पिवळे-नारिंगी जिवाणू आत सरकले.

हे ऐकायच्या आधीच हिचा हात पर्सकडे गेला होता. गाडी नदीवरून जाताना नाणं टाकायची तिची लहानपणापासूनची सवय. नात ओरडली, "आजी, नको! तुंबेल!" हा शब्द तिला माझ्या नोटिशीतून मिळाला होता. ही म्हणाली, "गंगा नाही कधी तुंबली ती." पण पर्स बंद केली. तिची खरी तक्रार वेगळीच होती. वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम कुंडात बसून आलेल्या बाईला, समोर एवढं पाणी वाफाळत असताना गाडीत परत जाऊन तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकावी लागत होती. तरी मी तिला सांगितलं की इथली काही कुंडं माणूस शिजवतील इतकी गरम आहेत. तिचं म्हणणं, विसण घालता येतं.

त्या रंगीत जिवाणूंबद्दल एक सांगायला हवं. 1960 च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना इथल्याच एका कुंडात असा एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या विकरावर पुढे पीसीआर चाचणी उभी राहिली. कोविडात आम्ही गेटवर ज्याच्या-त्याच्याकडे आरटी-पीसीआरचा रिपोर्ट मागत होतो, तेव्हा हे ठाऊक असतं तर भांडायला आणखी एक मुद्दा मिळाला असता.

मॅडिसन सोडताना डंप स्टेशनवर रांग होती. इथं टाक्या रिकाम्या करतात. आधी ती तिसरी, काळ्या पाण्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे दुसरीच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. हा क्रम माझ्यापुढच्या एका निवृत्त अमेरिकन गृहस्थानं जावयाला शिकवला, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. आम्हा दोघांची भाषा वेगळी, पण हातमोजे घालून व्हॉल्व्हकडे बघायची नजर एकच होती. निघताना त्यानं माझ्याशी हात मिळवला. हातमोजे काढून, हे नमूद करतो.

पुढचा मुक्काम फिशिंग ब्रिजला. पुलाचं नाव फिशिंग ब्रिज, आणि 1973 पासून त्यावरून मासे धरायला बंदी. तिथं गाडीला पाणी, वीज, ड्रेनेज सगळं मिळतं, पण तंबूला मज्जाव, कारण आजूबाजूला अस्वलं. एके काळी इथल्या हॉटेलांच्या उकिरड्यांवर अस्वलं रोज जेवायला यायची आणि माणसं बाकांवर बसून ते बघायची. अस्वलांची ती सवय मोडायला नंतर बरीच वर्षं गेली. म्हणून आता अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही. हिनं आणलेली सुकट इथं भाजू नये, असा ठराव आम्ही पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर केला. फ्रिजवरची नोटीस मात्र मी स्वतःहून उतरवली, आणि सगळ्यांनी नळ सोडून मनसोक्त अंघोळी केल्या.

हेडन व्हॅलीत बायसनचा कळप रस्त्यावर आला आणि दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. 1902 मध्ये उद्यानात दोन डझनांच्या आसपास बायसन उरले होते, आता हजारोंनी आहेत आणि रस्ता त्यांचाच आहे. त्यांच्यापासून पंचवीस यार्ड दूर राहा, असा नियम आहे, पण तो फक्त माणसांना सांगितलाय. एक दांडगा नर आमच्या खिडकीशी येऊन उभा राहिला, हलायचं नाव नाही. इतर गाड्यांतले लोक घड्याळं बघत होते. जावयानं इंजिन बंद केलं, हिनं शेगडी पेटवून आल्याचा चहा टाकला आणि आम्ही खारी बुडवून खाल्ली. त्याच्या नाकपुड्या काचेजवळ हलत होत्या. वास त्यालाही आला असावा. आरव्हीवर झालेला सगळा खर्च तेव्हा वसूल झाला, असं मी जाहीर केलं. खर्च जावयाचा होता, त्यामुळे जाहीर करणं सोपं होतं.

परतताना क्रेग पासवर आयसा लेक लागतं. खंडाच्या पाणलोटरेषेवर बसलेलं छोटंसं तळं, उन्हाळ्यात कमळाच्या पानांनी भरलेलं. त्याचं पाणी दोन्हीकडे वाहतं, आणि तेही उलटं. पूर्वेकडून निघणारं पाणी वळसे घेत पश्चिमेच्या पॅसिफिकला जातं, तर पश्चिमेकडचं मिसुरी-मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात उतरून अटलांटिकचं होतं. मी फोटो काढला. नेटवर्क मिळाल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'एक टाकी, दोन विंगा, तक्रार शून्य.' पाच मिनिटांत बी विंगमधून उत्तर आलं: 'ए विंगला जास्त जातंय.'