विंचवाचा उपवास

गणेशपुरी दीड किलोमीटरवर असताना आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक बसलं, तेव्हा तिची स्टेपनी ठाण्यात आमच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, कोरडी ठणठणीत उभी होती. ती तिथे ठेवण्याचा निर्णय पूर्णपणे शास्त्रीय होता. शास्त्र माझं होतं, एवढाच काय तो त्यातला दोष.

गाडीची ओळख करून देतो. २०१५ साली आपल्याकडे आलेली अबार्थ पुंटो. जन्म पुण्याजवळच्या रांजणगावचा, म्हणजे थेट महागणपतीच्या गावातला, कूळ इटालियन, नाकावर विंचवाचं चिन्ह. १.४ लिटरचं टर्बो इंजिन आणि १४५ घोडे. शहाण्या माणसाने यावर समाधान मानलं असतं. मी तिचा संगणक रिमॅप करून घेतला. ‘आता आरामात १८०’ असं ट्यूनर म्हणाला आणि मी ते आरामात मानलं. मग मोठ्या तोंडाचा सायलेन्सर आला, सतरा इंची मॅग व्हील आली, त्यांवर भाकरीइतके पातळ टायर आले आणि स्प्रिंगा बदलून गाडी दीड-दोन इंच खाली बसली. गाडीत असले फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं, हे मी सगळी बिलं भागवून झाल्यावर वाचलं.

एवढं झाल्यावर गाडी पळायला लागली आणि ॲव्हरेज साडेसातवर आलं.

खरं म्हणजे घोडा शर्यतीचा घेतला की त्याचे हरभरे मोजू नयेत. पण मी अण्णांचा मुलगा आहे. अण्णा हिशेब खात्यातून निवृत्त झाले, हिशेबातून नाही. त्यांच्याकडे लाल कापडी पाठीची एक वही आहे. तिच्यात १९८४ पासून त्यांच्या बजाज चेतकच्या प्रत्येक लिटरची नोंद सापडते: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ॲव्हरेज, शेरा. ‘४८. शेरा: मुंब्र्याच्या उतारावर न्यूट्रल.’ ‘४४. शेरा: सौ. व माहेरचे तांदूळ.’ पेट्रोल संपलं की ते स्कूटर आडवी कलंडवून टाकीच्या कोपऱ्यातले शेवटचे थेंब कार्बोरेटरपर्यंत आणायचे आणि त्यावर आणखी दोन किलोमीटर काढायचे. अशा घरात साडेसात हा आकडा नापास झाल्यासारखा लपवावा लागतो. मी लपवला. तरी एका रविवारी ते खाली आले, सायलेन्सरच्या तोंडात मूठ घालून पाहिली, ती कोपरापर्यंत गेली आणि ते म्हणाले, “बरोबर आहे. एवढं मोठं भोक असल्यावर शिल्लक काय राहणार?”

मी अभ्यासाला लागलो. कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला १६.३ किलोमीटर. असे आकडे एआरएआय नावाच्या संस्थेच्या चाचणीतून येतात. ही संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात. खड्डा नाही, वारा नाही, मागच्या सीटवर वडील नाहीत. मला तेच रस्त्यावर, वडिलांसकट, करून दाखवायचं होतं.

आणि गंमत म्हणजे ते शक्य आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. टर्बो जास्तीची हवा कोंबतो, म्हणून संगणक जास्तीचं पेट्रोल ओततो. अगदी जोरात असताना तर आतलं तापमान आवरायला वर आणखी थोडं. पण टर्बोला झोपू दिलं तर खाली उरतं ते १.४ लिटरचं गरीब, कष्टाळू इंजिन. म्हणजे १८० घोड्यांपैकी दीडशे तबेल्यात बांधून ठेवायचे आणि उरलेल्यांवर संसार करायचा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून ताशी ४५ ते ५५ च्या पुढे जायचं नाही. पेट्रोल बचतीचा सल्ला देणारी सरकारी पीसीआरए वर्षानुवर्षं हेच सांगते. उतारावर न्यूट्रल करायचं नाही. अण्णांच्या कार्बोरेटरच्या जमान्यात ते चालून गेलं. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्येच ठेवून पाय काढला की पेट्रोल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरतं जळत राहतं. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी चाळीस वर्षांच्या नोंदींची वही शांतपणे मिटली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यातून आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. माझ्यासारख्या जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. थोडक्यात, माझा इटालियन विंचू सध्या उसावर जगतो. कोल्हापूरच्या पाहुण्यांना याचं फार कौतुक.

श्रावणातला एक रविवार ठरला. आईला वज्रेश्वरीची ओटी भरायची होती, गणेशपुरीला नित्यानंद बाबांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं आणि अण्णांना गुडघ्यांसाठी गरम पाण्याचं कुंड हवं होतं. मला ॲव्हरेज हवं होतं. ठाण्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर. ‘टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल’ हीच हिशेबाची खरी पद्धत, म्हणून सकाळी ४५ लिटरची टाकी काठोकाठ भरली. भरल्यावर लक्षात आलं की हे तेहतीस-चौतीस किलोचं ओझं झालं. ते कुठून तरी वजा करायला हवं. आईला वजा करता येत नव्हतं, देव तिचा होता. मग स्टेपनी, जॅक, पाना, छत्र्या आणि बायकोने भरलेल्या तीन पाण्याच्या बाटल्यांपैकी दोन गॅलरीत गेल्या. टायर जितका कडक तितका रस्त्यावर हलका फिरतो, म्हणून ३२ च्या जागी ४० हवा भरली.

“स्टेपनी?” बायकोने विचारलं.

“दहा वर्षांत एकदाही लागली नाही,” मी म्हणालो. हे वाक्य अण्णांनी पुढे वहीत उतरवून घेतलं आहे.

एसी बंद. पाऊस होता म्हणून काचाही बंद. माजिवड्यापर्यंत आतून काचांवर वाफ धरली आणि बायको रुमालाने माझ्यासमोर पोळीएवढी खिडकी पुसत राहिली. “कुंडात जायचंय ना,” अण्णा म्हणाले, “हा घरूनच सुरू करतोय.” पाचव्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला तो मोठा सायलेन्सर असा घुमायला लागला की आईने दोनदा विचारलं, “हिच्या पोटात दुखतंय का रे?”

भिवंडी ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलो आणि मला कापडाच्या गाठी भरलेला एक टेम्पो सापडला. मोठं वाहन पुढे असलं की हवा ते फाडतं आणि मागच्याचं काम हलकं होतं. हे फार जवळून करणं धोक्याचं, हे मला ठाऊक होतं; म्हणून मी पुरेसं अंतर ठेवलं. तेवढ्या अंतरावर फायदा काहीच होत नाही, हेही ठाऊक होतं, पण मन रमतं. टेम्पो वळला की मी वळायचो, टेम्पो थांबला की मी थांबायचो. एक लाल एसटी आम्हाला ओलांडून गेली. एका रिक्षानेही ओलांडलं. तिच्यातलं पोर काचेला नाक लावून आमच्या विंचवाकडे बघत होतं. अनगावच्या आसपास टेम्पो चहाला थांबला. मीही मागे थांबलो. ड्रायव्हर उतरला, पावसात चालत माझ्या खिडकीशी आला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, दोनच हप्ते राहिलेत. गाडी नका उचलू.”

तो निघून गेल्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बायको हसायला लागली ती अंबाडीच्या वळणापर्यंत.

अंबाडीला डावीकडे वळलो आणि स्पीडब्रेकर सुरू झाले. एरवी मी एकटा असतो तेव्हा गाडी कशीबशी निघते. चार माणसांनिशी ती प्रत्येक उंचवट्यावर पोट टेकवायची. मग पद्धत अशी बसली: ब्रेकर आला की तिघांनी उतरायचं, मी गाडी तिरकी करून एकेक चाक पलीकडे न्यायचं, तिघांनी पुन्हा चढायचं. छत्र्या गॅलरीत. तिसऱ्या वेळी एका घराच्या ओटीवरच्या आजी आईला म्हणाल्या, “पायी निघालात का वज्रेश्वरीला? नवस हाय?” आई “हो” म्हणाली. काय सांगणार दुसरं?

वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यासारखं आहे आणि त्याच्यामागे वसईची लढाई आहे. १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी किल्ला हाती आला तर देवीचं देऊळ बांधीन असा नवस केला होता आणि वसई घेतल्यावर तो फेडला. वर जायला बावन्न पायऱ्या. बावन्न म्हटल्यावर मला कलम आठवलं आणि पाय जड झाले. मधल्या एका पायरीवर सोनेरी कासव आहे. लोक त्याला हळद-कुंकू वाहतात. मी मात्र तिथे इतका वेळ हात जोडून उभा राहिलो की मागच्या बाईंनी “चला हो” म्हणून ढकललं. आयुष्यात प्रथमच मला माझं दैवत भेटलं होतं. मीटर तोवर १५.८ दाखवत होता.

देवळापासून गणेशपुरी दोनेक किलोमीटर. आता मीटर १६ च्या वर सरकत होता आणि माझी नजर रस्त्यापेक्षा त्याच्यावर होती. पुढे पाण्याचं एक निरागस डबकं होतं. ब्रेक दाबला तर कमावलेला वेग वाया जातो आणि तो पुन्हा मिळवायला पेट्रोल लागतं. म्हणून मी ब्रेक दाबला नाही. डबकं निरागस नव्हतं. भाकरीचा टायर, त्यात ४० हवा, खाली दगडाची धार. असा आवाज झाला की आईने “नित्यानंद!” म्हटलं ते मनापासून.

पंक्चरवाला पोरगा बाईकवरून आला, वाकून पाहिलं, बोट घातलं. “दादा, साईडवॉल फाटलाय. याचं पंक्चर नाय निघनार. ही साईज भिवंडीत पन नाय भेटनार. स्टेपनी हाय ना?”

“आहे.”

“काढा मंग.”

“ठाण्याला आहे.”

तो माझ्याकडे, मग विंचवाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ना, दादा?” असं म्हणून त्याने किक मारली. मी गाडीवर इतका खर्च केला, पण एवढं नेमकं वाक्य मला कोणत्याही ट्यूनरने दिलं नव्हतं.

घरच्यांना शेअर रिक्षात बसवून पुढे पाठवलं आणि ठाण्याहून गाडी उचलणारा ट्रक मागवला. तो तीन तासांनी आला. तेवढ्या वेळात त्यांनी समाधीचं दर्शन घेतलं, १९६१ साली बाबा गेले तेव्हा आपले वडील कसे जेवले नव्हते ते आईने बायकोला सांगितलं आणि अण्णा भीमेश्वराच्या देवळाजवळच्या कुंडात गुडघे बुडवून आले. मी पावसात गाडीला टेकून उभा होतो. बॉनेट अजून कोमट होतं. पेट्रोल इंजिनात जळलेल्या पेट्रोलपैकी निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता म्हणून वाया जाते. त्यामुळे पाठ शेकायला काही अडचण आली नाही.

अण्णा लालबुंद होऊन, गंधकाचा वास घेऊन परतले. “सकाळपासून तापवतायत,” ते म्हणाले, “थेंबभर पेट्रोल नाही.”

गाडी खाली बसवलेली असल्यामुळे ती ट्रकच्या उतरणीवरही चढेना. शेवटी फळ्या लावून, सहा गावकऱ्यांनी जोर करून, विंचू वर चढला. आम्ही पुढे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चौघं दाटीवाटीने. “ट्रक किती देतो?” अण्णांनी विचारलंच. “चार,” ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला. अण्णांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी स्टेपनी लावून खालच्या पंपावर गेलो आणि टाकी फुल्ल केली. ४९.६ किलोमीटरला ३.१ लिटर. बरोबर सोळा. पॉइंट तीनने हुकलं. मला रात्रभर तो तिसरा स्पीडब्रेकर दिसत राहिला.

सकाळी चहाच्या टेबलावर लाल पाठीची वही उघडी होती. अण्णांच्या वळणदार अक्षरात: ‘ठाणे–गणेशपुरी–ठाणे. ९९.२ किमी. पेट्रोल ३.१ लि. ॲव्हरेज ३२. शेरा: परतीला ट्रकवर ठेवल्यास उत्तम देते. चेतकपेक्षा अद्याप १६ कमी.’