कल्पना पाण्यात सोडण्यापूर्वी

भिगवणकराला धंद्याची कल्पना सुचते ती थंडीतल्या पहाटे. कुंभारगावच्या काठावर धुकं, उजनीच्या पाण्यात एका पायावर उभे रोहित पक्षी, होडीत कॅमेरेवाले पुणेकर कुडकुडताहेत. आणि डोक्यात लख्ख होतं: यांना होडीतच गरम चिलापी आणि भाकरी दिली तर?

लगेच तोंड मिटा. दाजी समोर असतील तर मफलरही गुंडाळा. दाजींच्या कानावर गेलेली गोष्ट एसटीच्या आधी बारामतीला पोचते.

पण होडी नावाड्याची, कर्ज बँकेचं, भाकऱ्या वहिनींच्या; सांगावं तर लागणारच. तेव्हा कायद्याचा आसरा घ्या. कॉपीराइट विसरा. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगून ठेवलंय की नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडली कशी यावर असतो. म्हणजे मेनूकार्ड तुमचं, मासा सगळ्यांचा. पेटंट मागायला गेलात तर १९७० च्या कायद्याचं कलम ३(के) धंद्याच्या पद्धतीला दारातूनच परत पाठवतं. हां, होडीत न कलंडणारी शेगडी खरंच बनवली असेल, तर आधी तात्पुरता अर्ज टाका, १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्या. अर्जाआधी तिचं रील टाकलंत तर संपलं. ‘भिगवण मच्छी’ हा ट्रेडमार्क एकट्याला मिळेल या भ्रमात राहू नका. गावाचं नाव सातबाऱ्यावर चढवता येत नाही.

राहता राहिला गुप्ततेचा करार. इथे मात्र दम आहे. टीव्ही वाहिनीला विश्वासाने दिलेली मालिकेची लेखी, तपशीलवार कल्पना मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल खटल्यात राखली. म्हणून सगळं कागदावर, तारखेसकट. फक्त ‘जन्मात मच्छीचा धंदा करणार नाही’ असं कुणाकडून लिहून घेऊ नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ ते रद्दच धरतं.

मी पाचशेचा स्टॅम्प आणला, करार टाईप केला, दाजींपुढे ठेवला. ते जेवत होते.

“सही करतो की. पण मेव्हणं, गुपित काय हाय ते तरी सांगा. न कळता सही कशी करू?”

मुद्दा बिनतोड होता. मी सांगितलं.

दाजींनी कागदाची घडी घातली, तिच्यावर चिलापीचे काटे काढून ठेवले आणि बोट चाटत म्हणाले, “होडीत तळू नका, तेल हिंदकळतं. आम्ही काठावर तळून डबा देणार हाय.”