कपड्यातली माणसं कशी काढावीत: नवशिक्यांसाठी खात्रीचे उपाय

माणूस नेहमी पाठमोरा काढावा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राच्या पेपरात महाराष्ट्राच्या पिढ्यान् पिढ्या याच तत्त्वावर तरल्या. विषय ‘भाजीमंडई’ असो की ‘बसथांबा’, चित्रातलं सगळं गाव परीक्षकाकडे पाठ करून उभं. नाकाडोळ्यांची कटकट मिटते. बोटं जमत नसतील तर हात खिशात घाला, बाई असेल तर पिशवी द्या. पावलं जमत नसतील तर गवत उगवा. मंडईत गवत कुठून आलं, हे कुणी विचारत नाही.

प्रमाणाचं फार मनावर घेऊ नये. पुस्तकं साडेसात डोकी उंचीचा माणूस सांगतात. आपल्या गल्लीत साडेसहावालेही सुखाने नांदतात.

आता कपडे. चुण्या सरसकट पाडाव्यात, सगळीकडे, सारख्या अंतरावर. शर्ट बादलीतून पिळून काढल्यासारखा दिसेल, पण मेहनत दिसते. हे ज्यांना पटत नाही अशा हट्टी मंडळींनी लोकलमध्ये कडी धरून उभ्या असलेल्या कारकुनाकडे बघावं. वर गेलेल्या हाताने शर्ट त्या बाजूने पँटीतून निम्मा उपसलेला असतो. काखेतून निघालेल्या दोन-तीन चुण्या तिरक्या पलीकडच्या कमरेकडे जातात, मधलं बटण ताणलेलं, आणि पास-पेनाच्या वजनाने खिसा लोंबलेला. बाकी शर्ट जवळजवळ सपाट! म्हणजे कापड जिथे अडकतं, ताणलं जातं किंवा दाबलं जातं, तिथूनच चुणी निघते. एवढं कळलं की निम्म्याहून जास्त रेघा काढाव्याच लागत नाहीत. आळशी माणसाला यापरतं सुख नाही.

नऊवारीचा मोह मात्र आवरा. पाचवारी कशीही निभावते. निऱ्यांच्या चार उभ्या रेघा आणि वर पदर. लुगड्याचा काष्टा मागे खोचलेला, त्यामुळे दोन्ही पाय वेगवेगळे दाखवावे लागतात. बरं, पाठमोरी काढावी तर काष्टाच समोर येतो, म्हणजे आपला पहिला नियमच बाद. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी म. वि. धुरंधरांनी काढलेल्या बायका पाहा. इतक्या कापडाखालूनही शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते कळतं. असली चित्रं नवशिक्याने जेवणाआधी पाहू नयेत.

चौकड्यांच्या कपड्यांच्याही वाटेला जाऊ नये. शरीर वळलं की चौकडीही वळते. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ वर्षानुवर्षं चौकड्यांच्या कोटात वावरला, पण ती चिकाटी आपल्यात कुठून येणार? लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, हे मात्र पाठ करून ठेवा. घरच्यांसमोर उपयोगी पडतं.

शेवटची अडचण म्हणजे माणसं हलतात. पाणीपुरी खाणाऱ्याच्या नादी लागू नका. एसटी स्टँडवर जा. गाडी लेट असलेला प्रवासी बाकावर असा बसतो की गुडघ्यावरची चुणीसुद्धा जागची हलत नाही. 4बी पेन्सिल आणि छोटी वही न्या, खोडरबर घरी ठेवा. कुणी ‘माझंच चित्र काढताय का?’ म्हणून अंगावर आलं तर लगेच वही दाखवा. त्यात त्याचा काहीही संबंध नाही, हे त्याला दिसेलच.