बॅटरी कोण पितो?

डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी वेळेआधी बसली की जळगाव-धुळ्याच्या लग्नसराईत पहिला ठपका असिस्टंटवर येतो. तपास मात्र खोक्यावर छापलेल्या फोटोंच्या आकड्यापासून करावा. तो आकडा जपानच्या ‘सिपा’ या संस्थेच्या पद्धतीने, साधारण 23 अंश तापमानात काढलेला असतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जळगावात भर दुपारी पारा 43-44 वर असतो. बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा 40 अंशांना संपते. मुहूर्त मात्र दुपारचाच निघतो.

उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी कायमची म्हातारी होते. पूर्ण चार्ज करून उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवणे हा त्याचा हमखास उपाय.

नंतर सेटिंग. स्क्रीनचा उजेड पूर्ण, वाय-फाय व जीपीएस कधीतरी चालू केलेले, ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद, आणि प्रत्येक क्लिकनंतर ‘दखाड ना भाऊ’ म्हणत स्क्रीनवर वाकणारे अर्धे वऱ्हाड. मिररलेसमध्ये तर क्लिक न करताही सेन्सर आणि स्क्रीन वीज खात बसतात.

संपर्काच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ असेल तर कोरड्या कापडाने पुसावी. डुप्लिकेट बॅटरीचा संशय वेगळा: निम्म्या किमतीत दीडपट क्षमता फक्त स्टिकरवर मिळते.

शेवटी वाय-फाय व जीपीएस बंद करून, खात्रीची चांगली बॅटरी घालून कॅमेरा रात्रभर बंद ठेवावा. सकाळी तीही उतरली असेल, तर दोष बॉडीत आहे; कॅमेरा सर्व्हिस सेंटरला पाठवावा आणि असिस्टंटला निर्दोष सोडावे.