अकलोलीच्या कुंडावर बसून सिनसिनाटीचा फॉर्म कसा ओळखावा

सुरुवात ऋतूपासून करावी, कारण नवशिक्यांचा पहिला घोळ तिथेच होतो. टेनिसवाले ज्याला उन्हाळी हार्ड कोर्टचा हंगाम म्हणतात, तो आपल्याकडे गटारीच्या आसपास सुरू होतो आणि गणपती बसेपर्यंत, कधी कधी उठेपर्यंत चालतो. तिकडे खेळाडू मानेवर बर्फाचे टॉवेल टाकून बसलेले असतात, इकडे तानसा दुथडी भरून वाहत असते आणि दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. वॉशिंग्टन, मग कॅनडा, मग सिनसिनाटी, मग न्यूयॉर्क, म्हणजे अमेरिकन ओपन, हा क्रम पाठ करावा. कॅनडाची स्पर्धा एका वर्षी पुरुषांची टोरांटोत नि बायकांची माँट्रियलला, पुढच्या वर्षी उलट, हेही घोकून ठेवावं. एवढं न अडखळता सांगितलंत तर कुंडावरचे निम्मे श्रोते तुम्हाला जाणकार मानतात. उरलेले निम्मे गुडघे शेकायला आलेले असतात. त्यांच्याकडे आपण येऊच.

जागा अकलोलीचीच का? घरी टीव्हीसमोर फॉर्मची चर्चा नीट होत नाही, कारण तिथे सामना दिसतो. समोर खेळ चालू असला की मताला जागाच उरत नाही. कुंडावर ती अडचण नाही. रामेश्वराच्या देवळापाशी दगडी बांधणीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसावं, गंधकाचा वास नाकाला सरावू द्यावा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून फक्त आकडे बघावेत. वाफेने स्क्रीन धूसर होते, 4-2 आहे की 2-4 हे कळत नाही, आणि चर्चेला खरी धार चढते ती तिथेच. शिवाय वेळ जुळते. न्यूयॉर्कचं नाइट सेशन संध्याकाळी सातला सुरू होतं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. गर्दीच्या आधी कुंडात उतरणाऱ्यांची वेळ नेमकी हीच.

कुंड निवडताना भान ठेवावं. एकाचं पाणी सोसवतं, दुसऱ्यात पाऊल टाकवत नाही. अगदी कढत कुंडापाशी बसलेला माणूस मत पटकन देतो, कारण त्याला पाय बाहेर काढायचा असतो. कोमट कुंडातला माणूस पहिल्या सेटपासून बोलायला लागतो तो खेळाडूच्या लहानपणच्या कोचपर्यंत जातो. तुम्हाला ऐकायचं असेल तर पहिल्याशेजारी बसा, बोलायचं असेल तर दुसऱ्या कुंडात लवकर जागा धरा.

आता गुडघे. या बाबतीत अकलोलीची बरोबरी जगातलं कुठलंच स्टेडियम करू शकत नाही. इथे येणारा प्रत्येक जण सांधा, कंबर, टाच किंवा निदान खांदा घेऊन आलेला असतो. वर्षानुवर्षं येतात ही माणसं. त्यामुळे खेळाडू दुसऱ्या सेटनंतर मेडिकल टाइमआउट घेतो तेव्हा बाकीचं जग फिजिओच्या तोंडाकडे बघत बसतं, आणि इथे निदान झालेलंसुद्धा असतं. "दादूस, उतरताना डावा पाय आधी टाकतोय तो. वाटी झिजली." हे सांगणारे गृहस्थ भिवंडीत तीस वर्षं लूमवर उभे राहिलेले असतात आणि स्वतः डावा पाय आधी टाकत पायऱ्या उतरलेले असतात. त्यांच्याशी वाद घालू नये. 2023च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत अव्वल मानांकित मारिन चिलिच गुडघ्यामुळे उपांत्यपूर्व सामना न खेळताच माघारी गेला, हे त्यांना सांगून पाहावं. ते फक्त मान हलवतील आणि विचारतील, "थंडीत कशाला खेळायला गेला?"

भिवंडी-वाडा रस्त्याने भर ऑगस्टमध्ये अंबाडी नाक्यापर्यंत आलेल्या माणसाला चेंडूच्या उसळीबद्दल बोलण्याचाही अधिकार आपोआप मिळतो. तो त्याने बजावावा.

आता शब्दसंपत्ती. फार लागत नाही. "मूव्हमेंट", "बॉडी लँग्वेज", "मॅच प्रॅक्टिस", "टायमिंग" एवढे चार शब्द पुरतात, आणि पाचवा "पण". कोणत्याही वाक्यात "पण" कुठे घालायचा हे ज्याला जमलं त्याचं भाकीत आजवर चुकलेलं नाही. "सर्व्हिस मस्त पडतेय, पण मूव्हमेंट नाही." जिंकला तर सर्व्हिसवर जिंकला, हरला तर मूव्हमेंट नव्हती. नवशिके "पण" विसरतात आणि सप्टेंबरमध्ये तोंड लपवत दुसऱ्या कुंडावर जाऊन बसतात.

सिनसिनाटीचा निकाल कसा वाचावा, यावर दोन संप्रदाय आहेत. पहिल्याच्या मते न्यूयॉर्कच्या आधी सिनसिनाटी जिंकणारा फॉर्मात असतो. दुसऱ्याच्या मते तो आधीच दमलेला असतो. दोन्हींच्या पोथ्या तयार आहेत. 2023 मध्ये जोकोविचने तिथे अल्काराझला पावणेचार तासांच्या अंतिम सामन्यात हरवलं आणि पुढे न्यूयॉर्कही घेतलं. 2024 मध्ये सिनरने दोन्ही जिंकली. पहिल्या संप्रदायाचा तेव्हा उत्सव होता. त्याच 2024 मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन खिशात घालून आलेला अल्काराझ सिनसिनाटीत मोन्फिसकडून हरला, कोर्टवर रॅकेट आपटून मोडली, आणि न्यूयॉर्कला दुसऱ्याच फेरीत बॉटिक फान डे झांडस्कुल्पने त्याला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. (या डच माणसाचं आडनाव पहिल्या झटक्यात उच्चारणाऱ्याला चर्चेत पाच मिनिटं जास्त द्यावीत.) इथे खूण खरी ठरली, आणि हेच वाईट झालं. तेव्हापासून कोणीही रॅकेट जरा जोरात खाली ठेवली की कुंडावर त्याला मोडीत काढलं जातं.

सरावासाठी 18 ऑगस्ट 2025 हा दिवस गिरवावा. श्रावणी सोमवार. सिनसिनाटीचा अंतिम सामना, सिनर विरुद्ध अल्काराझ. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. दिवसभराचा उपास सोडून, मुलांना झोपवून, आवाज बंद करून लोक बसले, आणि 23 मिनिटांत खेळ आटोपला. सिनर आजारी होता, 0-5 वर त्याने हात वर केले. सकाळी कुंडावर पहिला पक्ष म्हणाला, संपला सिनर, अंगात जीव नाही. दुसरा म्हणाला, उलट बरं झालं, विश्रांती मिळाली, आता न्यूयॉर्क त्याचंच. तीन आठवड्यांनी सिनर न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत पोचला आणि चार सेटमध्ये अल्काराझकडून हरला. म्हणजे पहिला पक्षही बरोबर, दुसराही. त्या दिवसापासून दोघेही एकमेकांना पैजेचा वडा भरवायला सांगत आहेत. कुंडावर मान मिळाला तो तिसऱ्याला, पाण्यात डोळे मिटून बसलेल्या निवृत्त मास्तरांना. त्यांनी दोन्ही वेळा फक्त "बघू" म्हटलं होतं.

बायकांच्या स्पर्धेबद्दल "त्यात काय, कोणीही जिंकेल" असं म्हणून हात झटकण्याची एक रीत आहे. ती बंद करावी. असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत सबालेंकाने 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन ओपन नेली. दुसऱ्यांदा जिंकली तो दिवस अनंत चतुर्दशीचा होता. तिचा सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला होता आणि मुंबईत मिरवणुका रस्त्यावर होत्या, त्यामुळे स्कोअर ढोलताशातून ओरडून सांगावा लागला. आणि ही बाई आपल्याला परकी थोडीच? 2017 मध्ये ती मुंबईत येऊन सीसीआयच्या कोर्टवर स्पर्धा जिंकून गेली होती. अर्थात त्यामुळे "मी तिला तेव्हाच ओळखलं होतं" म्हणणाऱ्यांचं पीक आलं आहे. अशांना त्या आठवड्यात स्टँडमध्ये किती माणसं होती ते विचारावं. जो म्हणेल "तुडुंब गर्दी", तो गेला नव्हता.

गुणांचा हिशोब कोणालाच कळत नाही, म्हणून तो मंडळाच्या खजिनदाराकडे सोपवावा. त्याला एका वाक्यात समजतं. मागच्या ऑगस्टात मिळवलेले गुण या ऑगस्टात गळतात आणि ते पुन्हा कमवावे लागतात; वर्गणीचंही तसंच आहे, गेल्या वर्षी अकरा हजार दिलेत म्हणून यंदा कोणी दारावरून परत जात नाही. ग्रँड स्लॅम विजेत्याला 2000, उपविजेत्याला 1300, सिनसिनाटीला 1000. गेल्या वर्षी जिंकलेला यंदा अंतिम फेरीत हरला तर तो सातशेने गरीब होतो, आणि मग "काय त्याचा फॉर्म गेला" असं आपण म्हणतो. अंतिम फेरीत पोचलेल्या माणसाबद्दल! पाण्यात बसून, पोट सांभाळत.

देशप्रेमाचं प्रमाण आधी ठरवून घ्यावं, नाहीतर चर्चा बिघडते. 2019 मध्ये सुमित नागलने न्यूयॉर्कला फेडररकडून पहिला सेट 6-4 असा काढला. पुढचे तीन सेट आपण गमावले, पण ते सांगणाऱ्याला अजूनही कोणी वाफाळता चहा देत नाही. तो सेट घडला तेव्हा आपल्याकडे सकाळ होती आणि मुलांचे डबे भरायचे राहिले, एवढं पुरावा म्हणून पुरे. दुहेरीत मात्र आपल्याला नम्र व्हायचं काही कारण नाही: पेसने अमेरिकन ओपनची पुरुष दुहेरी 2006, 2009 आणि 2013 अशी तीनदा जिंकली आहे, दर वेळी वेगळा जोडीदार घेऊन. तरी कुंडावर दुहेरीचा फॉर्म कोणी काढत नाही. तसंच पुण्याच्या अर्जुन कढेचा काढत नाहीत, आणि हांगझोऊला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलेल्या ऋतुजा भोसलेचाही नाही. ज्यांचा खेळ पुण्यामुंबईत जाऊन डोळ्यांनी बघता येतो त्यांच्याबद्दल आपल्याला काही मत नसतं. ज्यांना आपण फक्त वाफेतून आकड्यांत बघतो त्यांची नाडी मात्र आपल्या हातात असते. हे जरा विचित्र आहे, पण मार्गदर्शकाने श्रोत्यांना बोल लावू नये, म्हणून पुढे जाऊ.

चर्चा हातातून निसटतेय असं वाटलं की ब्रह्मास्त्र काढावं. अस्त्रं दोन आहेत. पहिलं सॅम्प्रस, 2002. दोन वर्षांहून जास्त काळ एकही विजेतेपद नाही, विम्बल्डनला दुसऱ्या फेरीत जॉर्ज बास्टल नावाच्या, पात्रता फेरीत हरूनही नशिबाने आत आलेल्या खेळाडूकडून पराभव, वय 31, न्यूयॉर्कला 17वं मानांकन. तिसऱ्या फेरीत पाच सेटमध्ये हरलेल्या ग्रेग रुसेडस्कीने जाता जाता जाहीर केलं की हा आता दीड पाऊल मंद झालाय, पुढचा सामना काही जिंकत नाही. सॅम्प्रसने पुढचे चारही जिंकले, शेवटचा आगासीविरुद्ध, आणि त्यानंतर तो स्पर्धेत पुन्हा कधी खेळलाच नाही. रुसेडस्की हा माणूस कुंडावरच्या परंपरेचा आद्य पुरुष मानावा, फक्त त्याने "पण" घातला नाही. दुसरं अस्त्र रादुकानू, 2021. अठरा वर्षांची, क्रमवारीत 150वी, पात्रता फेरीनंतर लगेच परतायचं म्हणून विमानाचं तिकीट काढून आलेली. पात्रतेचे तीन आणि मुख्य फेरीचे सात, दहा सामन्यांत वीस सेट खेळली, एकही हरली नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तिच्या फॉर्मबद्दल कोणी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. ही अस्त्रं एका सकाळी एकदाच सोडावीत, कारण त्यांच्यानंतर फॉर्म हा विषयच उरत नाही आणि घरी जायला तर अजून तासभर असतो.

नवस बोलायचा असेल तर वज्रेश्वरी जवळच आहे, पण तिथे बोलताना ऐपत बघावी. चिमाजी अप्पांनी वसईसाठी नवस बोलला, 1739 मध्ये वसई सर झाली, आणि देऊळ उभं राहिलं. बॅकहँड सुधारावा म्हणून देवीला गाऱ्हाणं घालणाऱ्याने निदान नारळाच्या वर जाऊ नये. आणि नाव एकाच खेळाडूचं घ्यावं; दोघांसाठी दोन नारळ ठेवून वर मला फॉर्म कळतो म्हणणारे लोक याच तालुक्यात आहेत.

राहता राहिली पैज. पैज वड्याची लावावी आणि देण्याचा दिवस सामन्याचा नव्हे, नवी क्रमवारी जाहीर होते तो सोमवार ठरवावा. सिनसिनाटीपर्यंतचे सोमवार बहुतेक श्रावणातले येतात. समोरच्याचा उपास असतो, वडा वाचतो, आणि मंगळवारपर्यंत तो कोणाबद्दल पैज होती हे विसरतो. मात्र ठरवताना "बटाटावडा" असं स्पष्ट म्हणावं. नुसतं "वडा" म्हटलंत तर तो उपास सांभाळून साबुदाणा वडा मागतो, तोही दहीचटणीसकट, आणि अकलोलीत श्रावणात तो मिळतो.